आधी सातबारा वाचा, मग पुस्तकं

पत्र असं आलंय :

«बाई, नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २६. आम्ही पाच-सहा जण मिळून गावात अभ्यासिका चालवतो. कपाट स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांनी भरलंय, पण पाठ करून करून आता वाचनाचाच वीट आलाय. वसाहतवाद, पर्यावरण आणि आपण वाचतो ते नेमकं कसं वाचतो, यावर विचार करायला लावणारी पुस्तकं सुचवा. यात्रेच्या वर्गणीतून उरलेले पाच हजार रुपये गावानं आम्हाला दिलेत. अडचणी दोन. इंग्रजी आम्हाला जड जातं. आणि आमच्यातला एक जण म्हणतो, आपल्याकडं इंग्रज नव्हतेच, निजाम होता, मग वसाहतवाद आपला विषय कसा? त्याला काय सांगावं?»

लेकरा,

तुझ्या मित्राचा प्रश्न मला फार आवडला. त्याच्यापासूनच सुरू करते, कारण त्याचं उत्तर मिळालं की पुस्तकांचा क्रम आपोआप लागतो.

तुमच्यापैकी ज्याच्या घरी शेती असेल त्यानं सातबारा घेऊन यावा. सगळ्यांनी मिळून तो हळूहळू वाचा. लागवडीयोग्य क्षेत्राच्या खाली एक ओळ असते, पोटखराब. तिचे अ आणि ब असे दोन वर्ग. लागवडीला अयोग्य ते 'अ'त. रस्ता, ओढा, सार्वजनिक वापर यांसाठी ठेवलेलं 'ब'त. जवळच आकार लिहिलेला असतो, म्हणजे सारा. पोटखराबावर सारा बसत नाही. आता कागद बाजूला ठेवून त्या तुकड्यावर जाऊन या. तिथं बोरी-बाभळी असतील, तरवड असेल, गवत असेल, तितर-होले असतील. तुझ्या आजीनं तिथून डिंक आणला असेल, आषाढात वाघाटी आणली असेल, पाथरीची भाजी खुडली असेल, दोन शेरडं त्याच्यावरच जगवली असतील. एवढं सगळं देणारी जमीन «खराब» कुणाच्या लेखी? ज्याला तिच्यातून सारा मिळत नाही, त्याच्या लेखी.

जमीन मोजून तिची प्रत लावून सारा ठरवायची ही पद्धत १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात बसवली, आणि तिथून ती मुंबई इलाखाभर पसरली. १८५३ मध्ये हैदराबाद कंटिंजंट या इंग्रजांच्या हाताखालच्या फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाला वऱ्हाड कंपनीच्या हाती द्यावं लागलं. त्याच वर्षी पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले आणि त्यांनी राज्याचा महसूल नव्यानं बांधायला घेतला. आपल्या मराठवाड्यात जी मोजणी आली ती या मुंबईच्या नमुन्यावरची. तुझ्या मित्राला सांग, साहेब आपल्या गावात राहायला आला नसेल, पण त्याची मोजणीची साखळी आपल्या शेतातून ओढली गेली, आणि त्याच धाटणीचा शब्द अजून तुझ्या सातबाऱ्यावर आहे.

म्हणून पहिलं पुस्तक महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ चं. त्याच्या एक नव्हे, सहा प्रती घ्या. तुम्ही सगळ्यांनी परीक्षेसाठी «१८७८ : भारतीय वन कायदा» ही ओळ पाठ केलेली असणार. असूडात हाच काळ माणसांच्या आणि जनावरांच्या बाजूनं येतो. ज्याच्याकडं जमीन थोडी, तो पूर्वी डोंगरातली उंबरं-जांभळं खाऊन, पळसा-मोहाची पानंफुलं आणि लाकूडफाटा विकून, गायरानाच्या भरवशावर एखाददुसरी गाय आणि चार शेरडं पाळून कसा भागवत होता, हे जोतीराव आधी सांगतात. मग येतं जंगलखातं. ते डोंगर, दऱ्याखोरी, पडीक जमिनी आणि गायरानं सगळी पोटात घेतं, आणि गरिबाच्या शेरडाकरडांना रानचा वारा खायलाही जागा उरत नाही. तुम्ही पाठ केलेली ओळ आणि ही शेरडं एकाच काळातली आहेत. पाठांतरानं तुम्हाला वीट का आला, ते इथं कळेल.

याच पुस्तकात जोतीराव सरकारला सुचवतात की काळ्या-गोऱ्या पलटणी आणि पोलीस रिकामे बसवण्यापेक्षा त्यांच्याकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे वळवाचं पाणी शेतात मुरेल आणि माती वाहून जाणार नाही. पाणलोटाचं हे बोलणं शंभर-सव्वाशे वर्षांनी आपल्याकडं योजना होऊन आलं. मी हे पान दरवर्षी वर्गात वाचून दाखवायची. पोरं आधी लेखकाचं साल विचारायची आणि मग गप्प व्हायची.

असूड पहिला घ्यायचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या दृष्टीनं तेच मोठं. वसाहतवादावर वाचायला लागलं की एक मोह होतो. इंग्रजांच्या आधी सगळं गाव गोकुळ होतं, गायरान सगळ्यांचं होतं, विहिरीला पाणी होतं, असं वाटायला लागतं. मीही त्या मोहात सापडले होते. एकदा शिकवताना गायरानाचं फार कौतुक केलं. तास संपल्यावर एक मुलगी थांबली. म्हणाली, «बाई, आमच्या आज्याची म्हैस गायरानात शिरली की कोंडवाड्यात जायची. सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?» मला तिच्याकडं बघवेना. दया पवारांनी आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव का दिलं असेल, ते मला त्या दिवशी नव्यानं कळलं. जोतीराव तो मोह होऊच देत नाहीत. गोरा कलेक्टर आणि गावचा भटकुलकर्णी यांच्यावर ते एकाच पानात आसूड ओढतात. पुढं १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात कितीतरी दलित कुटुंबांनी गायरानाचा तुकडा नांगरून पोट भरलं. त्यांच्यासाठी ते अतिक्रमण नव्हतं, पहिली जमीन होती. तुमच्या गावातही असं कुणी असेल. गायरानावर पुस्तक वाचाल तेव्हा त्यांना बोलवा. त्यांच्याविना ती चर्चा करू नका.

आता निजामाचा भाग. त्यासाठी अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' घ्या. पुस्तक जाडजूड आहे, सगळं एका दमात होणार नाही, पण १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचा झेंडा लावताना आपण काय म्हणतो आणि प्रत्यक्षात काय घडलं यातलं अंतर कळायला दुसरा चांगला मार्ग मला माहीत नाही. जोडीला सेतुमाधवराव पगडींचं आत्मचरित्र 'जीवनसेतु'. पगडी निलंग्याचे, निजामाच्या नोकरीतले अधिकारी. आदिलाबाद भागात असताना ते गोंडांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले. वाचताना हे लक्षात ठेवा की आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. जोडेघाटच्या डोंगरात १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांनी बंड करणाऱ्या गोंडांचा पुढारी कोमराम भीम याला मारलं. जल, जंगल, जमीन ही घोषणा आज देशभर त्याच्या नावानं दिली जाते. ती लढाई किनवटच्या रानाला लागून असलेल्या मुलखातली आहे. गोऱ्या साहेबाची नव्हे, देशी राजाची जंगलबंदी होती ती. बंडानंतर निजाम सरकारनं कारणं शोधायला फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. गोंडांवरचं त्याचं पुस्तक १९४८ मध्ये आलं, इंग्रजीत. विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून चाळा. मात्र वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवा : ज्या सरकारनं रान बंद केलं, त्याच सरकारनं पाठवलेला माणूस काय बघू शकतो आणि काय बघू शकत नाही? तुझ्या पत्रात «आपण कसं वाचतो» असं जे लिहिलंयस, त्याची सुरुवात या प्रश्नात आहे.

इंग्रजी जड जातं म्हणतोस. त्यावर तोडगा तुमच्या गावातच आहे. भावार्थ रामायण गावोगाव कसं वाचतात? एक वाचक असतो आणि एक सूचक. वाचक ओवी म्हणतो, सूचक तिचा अर्थ लावतो, तोही आपल्या औताचे, बैलांचे, सासू-सुनांचे दाखले देऊन. ऐकणाऱ्यांतलं कुणी अडवतं, विचारतं, मग पुढची ओवी. तो ग्रंथ पैठणच्या नाथांचा. आणि हेच नाथ शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या समोर घेऊन शुद्ध प्रत तयार करायला बसले होते. नकलांमध्ये शिरलेले पाठ त्यांनी वेगळे काढले, आणि पुढं कुणी स्वतःची ओवी घुसडेल तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखं होईल, असं बजावलं. शब्द कुणाचा, तो मध्ये कुणी बदलला, हे तपासून वाचायची शिस्त गोदाकाठची आहे. ती आपल्याला परदेशातून मागवायची गरज नाही.

जोतीरावांनीही असूड आधी ऐकवला. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी तो लोकांना वाचून दाखवला, सयाजीराव गायकवाड महाराजांनीही ऐकला. म्हणजे पुस्तकच मोठ्यानं वाचण्यासाठी लिहिलेलं आहे. तेव्हा इंग्रजी पुस्तकांनाही हीच रीत लावा. तुमच्यातला ज्याचं इंग्रजी बरं आहे तो आठवड्याला एक प्रकरण वाचून येईल, दुसरा ते मराठीत फोडून सांगेल. अडलेला शब्द फळ्यावर लिहा. त्याला आपल्याकडं काय म्हणतात यावर पाच मिनिटं भांडा.

या रीतीनं वाचायचं पहिलं इंग्रजी पुस्तक माईक डेव्हिस यांचं 'लेट व्हिक्टोरियन होलोकॉस्ट्स', २००१ चं. सगळं नको. १८७६ ते ७८ च्या दख्खनच्या दुष्काळावरची प्रकरणं पुरेत. पाऊस का हटला, तर प्रशांत महासागरातल्या एल निनोमुळं. पण पाऊस हटणं आणि माणसं मरणं यांच्यामध्ये एक मोठी जागा असते, आणि त्या जागेत राज्यकर्ता उभा असतो, हे डेव्हिस दाखवतात. १ जानेवारी १८७७ ला व्हॉइसरॉय लिटन दिल्लीत दरबार भरवत होता. त्याच महिन्यात, सरकारनं दुष्काळी भागात पाठवलेल्या रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आण्यापर्यंत खाली आणली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. धान्य परदेशी जातच होतं. त्या दुष्काळात अर्ध्या कोटीहून अधिक माणसं गेली.

हे वाचल्यावर त्याच दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडं बसा आणि बाहत्तरचा दुष्काळ विचारा. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आईबरोबर खडीच्या कामावर जायची, हातावर सुकडी मिळायची. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही. हाल फार झाले. जनावरं गेली, माणसं मुंबई-पुण्याला गेली ती परत आली नाहीत. पण पाण्याचा पत्ता नसताना माणसं जगली, कारण हाताला काम मागायचा हक्क आहे असं लोकांनी सरकारकडून कबूल करून घेतलं, आणि त्यातून पुढं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. दोन्ही दुष्काळ शेजारी ठेवून वाचलेत तर «अस्मानी-सुलतानी» या जोडशब्दातला दुसरा शब्द किती वजनाचा आहे ते कळेल.

कापसावर वाचायचं तर लक्ष्मण सत्या यांचं 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार', १९९७. वऱ्हाड निजामाकडून गेल्यावर मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी तिथं कापूस कसा वाढवला गेला, चराई आणि धान्य कसं मागं हटलं, याची कागदोपत्री मांडणी त्यात आहे. तुमच्या तालुक्यातून हिंगोलीकडं निघालं की पुढं वऱ्हाडच लागतो, त्यामुळं परकं काहीच वाटणार नाही. पुस्तक रूक्ष आहे, तक्ते फार आहेत. सगळ्यांवर लादू नका. ज्याला आकड्यांची आवड असेल त्यानं वाचावं आणि एका संध्याकाळी सांगावं.

मग अमिताव घोष यांचं 'द नटमेग्ज कर्स', २०२१ चं. हे मात्र गोष्टीसारखं वाचवतं. इंडोनेशियातली बांदा नावाची चिमुकली बेटं. त्या काळी जायफळ तिथंच पिकायचं. १६२१ मध्ये डच कंपनीनं त्या जायफळासाठी तिथली जवळजवळ सगळी माणसं मारली, हाकलली किंवा गुलाम केली, आणि बेटांची वाटणी करून मळे घातले. घोष म्हणतात, यासाठी आधी एक गोष्ट डोक्यात घडावी लागते. डोंगर, झाड, बेट ही बोलणारी, नातं असलेली गोष्ट न राहता नुसता माल व्हावी लागते. हे वाचताना तुम्हाला पोटखराब आठवलं पाहिजे. मला आठवलं होतं. आपल्याकडं बाळाला पहिलं जायफळ उगाळून चाटवतात. त्या सहाणेवर एवढा इतिहास आहे हे मला साठी जवळ आल्यावर कळलं.

वाचण्याविषयी थेट बोलणारं एकच पुस्तक सांगते, गुगी वा थिओंगो या केनियन लेखकाचं 'डीकॉलनायझिंग द माइंड', १९८६. ते लहान आहे. शाळेत आपली गिकुयू भाषा बोलताना सापडलेल्या पोराला छड्या बसायच्या, नाहीतर गळ्यात «मी गाढव आहे» अशा अर्थाची पाटी अडकवायचे. पुढं इंग्रजीत लिहिणारा मोठा लेखक झाल्यावर गुगींनी १९७७ मध्ये गावकऱ्यांसाठी गिकुयूत नाटक केलं, तर सरकारनं खटला न चालवता तुरुंगात टाकलं. तिथं त्यांनी संडासच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. आणि ते सरकार इंग्रजांचं नव्हतं, स्वतंत्र केनियाचं होतं.

हे वाचताना मला माझे वडील आठवले. ते सातवीपर्यंत शिकले ते उर्दूत. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत. मराठी वाचायला शिकले ते घरी, पांडवप्रताप ऐकता ऐकता. त्यांना दोन्ही भाषांची गोडी होती. मला सांगायचे, उर्दूचा राग करू नको, ती आपल्यावर लादली गेली यात तिचा दोष नाही. हे वाक्य मी कुठल्याही सिद्धांताच्या वर ठेवते. तुमच्या गावात जुने उर्दू कागद असतील, सेतवार म्हणजे मोजणीनंतरची जमिनीची नोंद असेल, १९५४ चं खासरा पाहणी पत्रक असेल. उर्दू वाचणारं एखादं म्हातारं माणूस अजून असेल तर त्यांच्याकडून ते वाचून घ्या, लिहून ठेवा. निजामाच्या काळातल्या कागदावर फसली म्हणजे महसुली साल असतं, त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. कोमराम भीम गेला तो सुमार. हे काम मागं टाकू नका. पुस्तकं नंतरही मिळतील.

मराठीतली आणखी तीन सांगते आणि थांबते. मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची'. गडचिरोलीतलं हे गोंडांचं गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांनी आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. त्या सगळ्याच्या मुळाशी गावातला अभ्यास गट आहे, तुमच्यासारखाच. म्हणून ते तुम्ही वाचायलाच हवं. लातूरचे अतुल देऊळगावकर यांचं 'विश्वाचे आर्त' हवामान बदलावर आहे, आणि ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या शहरातला माणूस ते लिहितोय. आणि आसाराम लोमटे यांच्या कथा, 'आलोक'. लेखक तुमच्याच परभणी जिल्ह्यातले. त्यात वसाहतवाद हा शब्द कदाचित एकदाही येणार नाही, पण जमीन, पाणी आणि सत्ता गावात कशी फिरते ते या कथांइतकं बारकाईनं कुणी सांगितलेलं मी वाचलेलं नाही. असूडानंतर लगेच यातली एक कथा मोठ्यानं वाचा.

पैशाचं असं करा. असूडाच्या सहा प्रती, 'गोष्ट मेंढा गावाची', 'विश्वाचे आर्त', 'आलोक', आणि उरलेल्यात घोष. फुल्यांचं समग्र वाङ्मय साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतं, ते मोबाइलवर असू द्या. डेव्हिस आणि गुगी एकेकच प्रत, तीही जुन्या पुस्तकांच्या दुकानात आधी शोधून. भालेरावांचं पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात विचारा. 'जीवनसेतु'ची माझी प्रत मी देते. पानं सुटी झालीत, समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडू नका. पाणकळा लागायच्या आत येऊन घेऊन जा, आणि येताना तो सातबारा घेऊन ये. मलाही बघायचाय.